मीठ साठवायचं की बाहेर टाकायचं?

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार. खाऱ्या दलदलीतल्या वनस्पती त्याला तोंड देतात, पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

सॅलिकॉर्निया मीठ पोटातच ठेवते. पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे आतल्या पाण्याच्या पिशव्यांत, सोडियम कोंडायचं आणि पाणी भरून कांडी फुगवायची. पानं जवळजवळ नाहीतच. भरतीचं पाणी रोज चढतं त्या चिखलातही ती तगते. तिची सोडायुक्त राख पूर्वी काच बनवायला वापरत.

ॲट्रिप्लेक्सचं झुडूप मीठ पानांवरच्या सूक्ष्म फुग्यांत ढकलतं. फुगे फुटतात, मीठ पानावर सुकतं. पानांची चंदेरी झाक त्यातूनच येते. मला हीच युक्ती जास्त हुशारीची वाटते. मात्र मुळं सतत पाण्यात राहिलेली त्याला फारशी मानवत नाहीत, म्हणून ते बहुधा थोड्या उंचवट्यावर.