बोट ट्रेलरचे नवे बंक, एका हंगामानंतर: फळी टिकली, कार्पेट टिकलं, पिना गेल्या

बंक, म्हणजे ट्रेलरवर बोटीचा तळ ज्यांवर टेकतो ते लांब आधार. त्यांच्या फळ्या बदलून, त्यांवर नवं कार्पेट चढवून एक पूर्ण हंगाम झाला. बसवल्या बसवल्या लिहायला घेतलं असतं तर पाचपैकी पाच स्टार दिले असते. आज तीन देतोय आणि कापलेले दोन्ही स्टार एकाच वस्तूपायी आहेत: कार्पेट ठोकायच्या स्टेपल पिना. अख्ख्या कामातली सगळ्यात स्वस्त वस्तू!

आधी चांगलं ते सांगतो. जुन्या फळ्या वरून धडधाकट दिसायच्या, पण बोल्टच्या भोकांशी स्क्रू ड्रायव्हर टेकवला की आत रुतायचा. फळी कुजायला लागते ती बहुतेक तिथूनच, नाहीतर कापलेल्या टोकाकडून, कारण टोकाला लाकडाचे तंतू उघडे असतात आणि पाणी झटकन शोषलं जातं. फळ्या, कार्पेट, ठोकणं असं सगळं एकत्र एका वर्कशॉपला दिलं. लाकूड प्रेशर ट्रीटेड पाइन, म्हणजे कुजू नये म्हणून दाबाने रसायन मुरवलेलं, नावाला २ बाय ६, प्रत्यक्षात १.५ बाय ५.५ इंच. माझी बोट फायबरग्लासची आहे म्हणून हे लाकूड चाललं. अ‍ॅल्युमिनियमची बोट असेल तर यापासून लांब राहा. ट्रीटमेंटमधलं तांबं ओल्या कार्पेटमधून पत्र्याला लागतं आणि तळाला बारीक खड्डे पडायला लागतात. ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

फळ्यांची मापं मात्र त्यांनी मन लावून घेतली. मागचं टोक बरोबर ट्रान्समखाली, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीखाली येतं. हे मी आवर्जून तपासलं, कारण इंजिनाचं वजन तिथे असतं आणि बंक आखूड पडला तर कालांतराने तळ मागे वाकतो. कॅरेज बोल्टची डोकी फळीत खोल बुडवलेली, वरून हात फिरवला तरी काही लागत नाही. ट्रीटेड लाकूड ओलंच येतं, वाळताना आकसतं, त्यामुळे काही आठवड्यांनी नट सैल झाले. ते आवळून घेतल्यावर आजवर हललेले नाहीत.

हंगामाच्या मध्यावर बोट ट्रेलरवर ओढताना मागच्या टोकाला कार्पेटची घडी पडू लागली. विंचने, म्हणजे ट्रेलरवरच्या पट्टा गुंडाळणाऱ्या रहाटाने ओढलं की घडी आणखी वाढायची. तेव्हा सगळा राग कार्पेटवर होता. माल हलका दिला, असं मी दोघातिघांना सांगूनही टाकलं. मग बोट पाण्यात असताना ट्रेलर मोकळा मिळाला, तेव्हा फळीच्या खालच्या बाजूला बॅटरी मारून पाहिलं. कार्पेटला काही झालेलं नव्हतं. पॉलिप्रॉपिलिनचा धागा पाणी शोषत नाही, कुजतही नाही. झटकलं तर नव्यासारखं. पिनांचा वरचा आडवा भाग मात्र गंजून गळून गेला होता, लाकडात नुसते पाय शिल्लक. बोटांनी ओढलं तर पट्टीच्या पट्टी सुटून आली. वरच्या बाजूला वॉटरप्रूफ गोंद होता म्हणून कार्पेट जागेवर तरी राहिलं. त्यामुळे कार्पेटबद्दलचं माझं मत पूर्ण बदललं, आणि गोंदाबद्दलचंही. गोंद उगाच खर्च वाटायचा, आता तो हवाच म्हणेन. पण फक्त वरच्या बाजूला. खालीही चिकटवून चारही बाजू बंद केल्या तर आत गेलेलं पाणी निघणार कुठून?

एकाच हंगामात पिना का गेल्या, याचं उत्तर त्याच लाकडात आहे. पूर्वी ट्रीटमेंटला सीसीए नावाचं रसायन वापरायचे, त्यात आर्सेनिक असायचं. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस ते घरगुती लाकडातून बाजूला झालं आणि त्याच्या जागी आलेल्या एसीक्यूसारख्या रसायनांत तांब्याचं प्रमाण जास्त आहे. वाळवी आणि बुरशीला हे लाकूड दाद देत नाही, पण ओलं असताना लोखंड आणि जस्त दोन्ही खातं. बोल्टवरचा हॉट डिप थर, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला, जाड असतो, तो तग धरतो. साध्या गॅल्व्हनाइज्ड पिनेवर जस्ताचा थर म्हणजे जेमतेम मुलामा. त्यात समुद्राचं मीठ. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने कितीही धुतलं तरी फळी आणि कार्पेट यांच्या मधलं मीठ पूर्ण निघत नाही, आणि पिना नेमक्या तिथेच बसलेल्या.

हे सगळं फोटोंसकट वर्कशॉपला दाखवलं. उत्तर आलं, “साहेब, खाऱ्या पाण्याची गॅरंटी आम्ही देत नाही. पिना गॅल्व्हनाइज्ड होत्या, बिलावर लिहिलंय.” म्हटलं, “अहो, पण हे बोटीच्या ट्रेलरचं काम आहे हे तुम्हाला माहीत होतं. स्टेनलेसच्या पिनांनी बिल कितीसं वाढलं असतं?” त्यावर नव्याने ठोकून द्यायची मजुरी सांगण्यात आली. ती मजुरी स्टेनलेस पिनांच्या अख्ख्या डब्यापेक्षा जास्त होती. मी नाही दिली. इतकी नीट मापं घेणाऱ्या माणसांनी शेवटच्या पावलावर अशी काटकसर करावी आणि वर बिलाकडे बोट दाखवून जबाबदारी झटकावी, याचा मला अजूनही संताप येतो. लाकूड महाग, कार्पेट महाग, दिवसभराची मेहनत, आणि ते सगळं धरून ठेवतं कोण, तर ती पिन.

पिना शेवटी मीच आणल्या, ३१६ स्टेनलेसच्या. मोनेल, म्हणजे निकेल-तांब्याचा मिश्रधातू, त्याच्याही पिना मिळतात आणि बोटीच्या गाद्यांना त्या वापरतात. पण त्या मऊ असतात, कडक लाकडात वाकतात. डब्यावर काहीही छापलेलं असो, चुंबक लावून बघा. खटकन घट्ट चिकटला तर ते साधं पोलाद. तार ओढून बनवलेल्या स्टेनलेसला किंचित ओढ जाणवू शकते, तेवढी चालते. वरच्या पृष्ठभागावर एकही पिन नको, तिथे बोटीचा तळ घासतो. सगळ्या पिना खालच्या बाजूला, आणि कार्पेटच्या दोन कडांमध्ये बोटभर फट मोकळी, म्हणजे पाणी गळून फळी वाळते. मागच्या टोकाला पिना दाट मारल्या, कारण बोट चढताना पहिला ताण तिथेच येतो.

पकड पक्की झाल्यापासून बोट बंकवर सरळ चढते, विंचलाही जोर लागत नाही. ती जास्त सहज घसरावी म्हणून सिलिकॉन स्प्रे मारणारे आहेत. मी मारलेला नाही. उतारावर पट्टा सोडल्याबरोबर बोट काँक्रीटवर उतरायला नको. स्प्रे मारायचाच असेल तर बोटीचा मागचा भाग पाण्यात जाईपर्यंत विंचचा पट्टा आणि सेफ्टी चेन काढू नका.

नव्या पिनांवर अजून तांबूस डागसुद्धा नाही. डावा बंक मात्र अर्धा वर्कशॉपच्याच पिनांवर उभा आहे. त्या पुढच्या बाजूला आहेत, पाण्यात कमी जातात, म्हणून तगल्या. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्याही काढणार आहे. नवं काम कुणाला देत असाल तर लाकडाच्या जातीआधी पिनांची जात विचारा आणि ती बिलावर लिहून घ्या.