सदाशिव पेठेतली काकूंची मेस: भाकरीला 10 पैकी 9, वजनकाट्याला शून्य

पुण्यात नव्याने मेस शोधणाऱ्या मुलींसाठी लिहितेय. पेरूगेट चौकीजवळच्या गल्लीत जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर काकूंची मेस आहे. पाटी वगैरे काही नाही, जिन्यात चपलांचा ढीग दिसला की समजायचं पोचलो. दोन वेळचे महिन्याला 3,600 रुपये, आगाऊ. एक वेळचे 2,000.

आधी जेवण. मी सोलापूरची, त्यामुळे भाकरीच्या बाबतीत माझं मत जरा कडकच असतं. रात्री ज्वारीची भाकरी मिळते, हातावर थापलेली, पापुद्रा सुटलेली, आणि तिचे वेगळे पैसे घेत नाहीत. पिठलं झकास, मटकीची उसळ त्याहून भारी. आमटी मात्र पातळ, तूरडाळ शोधावी लागते. फ्लॉवर-बटाट्याबद्दल न बोललेलंच बरं. तो इतक्या वेळा येतो की आता त्यालाही मेंबर करून घ्यावं.

पण मी इथे टिकले ती काकूंच्या वाढण्यामुळे. मानसशास्त्रात एम.ए. करतेय, आणि प्रबंधाचा विषय आहे विद्यार्थ्यांची खाण्याबद्दलची वृत्ती आणि जीवन-समाधान. त्यासाठी 'ईट-26' नावाची प्रश्नावली वापरतात. 1982 ची, 26 विधानं. जाड होण्याची धास्ती वाटते का, भूक लागूनही खाणं टाळता का, असं सगळं त्यात आहे. बहुतेक विधानांना 'नेहमी' म्हटलं की 3 गुण. 20 किंवा त्याहून जास्त झाले तर आजार ठरत नाही, पण तज्ज्ञाला दाखवावं म्हणतात. गंमत अशी की 'मी जास्त खावं असं इतरांना वाटतं' आणि 'खाण्यासाठी इतर माझ्यावर दबाव आणतात' ही दोन विधानंही त्यातच आहेत. आता दिवाळीला घरी गेलेली कोणती मराठी मुलगी याला 'कधीच नाही' म्हणेल? हे 6 गुण आजीच मिळवून देते. संकष्टी नि नवरात्र धरणारीला 'भूक असून टाळते' याचं काय उत्तर द्यावं, हा आणखी वेगळा घोळ.

काकू आग्रह करत नाहीत. भाकरीची टोपली मध्ये ठेवलेली, लागेल तशी घ्या. ताटात टाकू नका, एवढंच दरडावतात. 'बारीक झालीस', 'सुटलीस' हे शब्द मी त्यांच्या तोंडून अजून ऐकलेले नाहीत, आणि पुण्यात आल्यापासून ही सोय मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही, मैत्रिणींत तर नाहीच.

म्हणूनच दारातल्या वजनकाट्याची चीड येते. शेजारच्या जिमवाल्याने तो जाहिरातीसकट आणून ठेवलाय, 'फुकट वजन करा'. हात धुवायला जाताना वाटेतच. पोरी त्यावर चढतात, आकडा बघतात आणि भाताला नको म्हणतात. पाठोपाठ फळ्यावर 'डाएट थाळी' आली: दोन फुलके, काकडी, तीच पातळ आमटी, भात नाही, आणि पैसे तेवढेच! काकूंना म्हटलं, काटा काढा ना. त्या म्हणाल्या, "अगं, राहू दे बिचाऱ्याचा. दोन मेंबर आणलेत त्याने."

समाधान मोजायला मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांची 1985 ची पट्टी आहे. फक्त पाच विधानं, एकूण 5 ते 35 गुण. 'आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर जवळजवळ काहीच बदलणार नाही' हे शेवटचं. ते एमपीएससीवाल्यांच्या टेबलावर वाचून दाखवलं तर सगळे हसत सुटले. अभ्यासांत साधारणपणे असं दिसतं की खाण्याची धास्ती जास्त तिथे समाधान कमी. पण आधी काय बिघडलं, हे एकदाच भरून घेतलेल्या फॉर्मवरून सांगता येत नाही. मेसमध्ये मला उलटी बाजूही दिसते. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की काकूंच्या वहीत खाडे वाढतात. ती पोरं काही डाएटवर नसतात, त्यांना चार लोकांत येऊन बसायचंच नसतं.

खाड्याचा नियम: आदल्या रात्री सांगितलं तरच पैसे वळते होतात. न सांगता सलग दोन वेळा दांडी मारली तर काकूंचा फोन येतो. "कुठंयस गं? ये, गरम आहे." उशिरा गेलं तरी कारण विचारत नाहीत, पिठलं टाकतात. कोणाला ही लुडबुड वाटेल. माझ्या रूममेटला वाटली, तिने मेस बदलली. मला हा फोन आमच्या कॉलेजच्या समुपदेशन कक्षापेक्षा कामाचा वाटतो, तिथली वेळ मिळेपर्यंत सेमिस्टर संपतं.

रविवारी दुपारी फीस्ट असते, पुरी-श्रीखंड नाहीतर गुलाबजाम, सोबत मसालेभात. संध्याकाळी बंद. उपवासाची साबुदाणा खिचडी सकाळी दहाच्या आत सांगितली तरच. दुपारची वेळ 12 ते 2:30, रात्री 7:30 ते 10. मटकी शुक्रवारी रात्री असते, नऊनंतर गेलात तर भाकरी संपून पोळ्या आलेल्या असतील. आणि जाता-येता काट्यावर दप्तर ठेवत जा, आम्ही चौघीजणी ठेवतो.