हॅमिल्टनचे लाकडी खिळे आणि हाताने लावलेली शाई

छपाईच्या बहुतेक संग्रहालयांत जुने खिळे, म्हणजे छापण्यासाठीचे अक्षरांचे सुटे ठसे, काचेआड ठेवलेले असतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या टू रिव्हर्स या गावातील हॅमिल्टन वुड टाइप अँड प्रिंटिंग म्युझियमच्या कार्यशाळेत मात्र ते शाई लावून छापायला मिळतात, आणि या जागेचे खरे मोल त्यातच आहे. जे. एडवर्ड हॅमिल्टन यांनी १८८० मध्ये याच गावात लाकडी खिळे बनवण्याचा उद्योग सुरू केला. १९९९ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयाकडे आज सुमारे १५ लाख खिळे आहेत.

खिळे कडक मेपल लाकडाचे असतात. ओंडक्याच्या आडव्या चकत्या कापून, वाळवून, घासून त्यांवर अक्षर कोरले जाते. त्यामुळे कागदाला लाकडाचा आडवा छेद भिडतो आणि वर्षानुवर्षांचा दाब सोसूनही अक्षर टिकते. तरीही कडा झिजतात, पृष्ठभागावर चरे पडतात. जाहिरात छापणाऱ्याला जो दोष वाटेल, तोच चित्र करू पाहणाऱ्याच्या पथ्यावर पडतो.

प्रूफ प्रेसचे, म्हणजे नमुना प्रती काढण्याच्या छपाईयंत्राचे, शाईचे रूळ बाजूला काढून हातातल्या रबरी रुळाने शाई लावली की प्रत्येक अक्षराला वेगळा रंग देता येतो, एकाच अक्षरात दोन रंग मिसळता येतात, किंवा पुन्हा शाई न लावता दुसरा कागद दाबून फिकट, विरळ छाप घेता येतो. मला हा दुसरा छाप पहिल्यापेक्षा अधिक आवडतो, कारण त्यात लाकडाचा पोत दिसू लागतो. शाई काचेवर पातळ पसरली की रुळाखालून बारीक चरचर ऐकू येते. ती ऐकू येईपर्यंत रूळ अक्षराला लावू नये, नाहीतर शाई अक्षराच्या पोकळीत उतरते. मी सोबत नेलेला, एका दुकानातून मागवलेला रूळ मधोमध खोलगट निघाला आणि मोठ्या अक्षरांच्या पोटाला शाईच लागेना; सुदैवाने तिथल्या रुळावर काम भागले.

हाती आले ते खिळे रोमन लिपीचे. तरी आखूड दांड्याचा लहान ‘टी’ आणि त्याखाली मोठा ‘सी’ असे दोन रंगांत छापल्यावर बऱ्यापैकी ऐटबाज ‘ट’ उभा राहिला. ठरावीक अक्षरांकडे निव्वळ आकार म्हणून पाहण्याची ही मोकळीक मला संगणकावर कधी मिळाली नव्हती.

सुबक लग्नपत्रिका छापण्याची हौस असणाऱ्यांनी इथे येण्याचा खटाटोप करू नये, कारण हाताने लावलेल्या शाईत दोन प्रती सहसा सारख्या निघत नाहीत. तेलाची शाई सावकाश वाळते, तेव्हा छाप घरी न्यायला सपाट, रुंद पुठ्ठे सोबत असावेत. खिळे पाण्याने धुवायचे नसतात, कारण लाकूड फुगते. खाद्यतेल आणि चिंध्या यांनी पुसत बसण्यात बराच वेळ जातो, तो आधीच हिशेबात धरावा. मिलवॉकीहून मोटारीने उत्तरेला साधारण दीड तास लागतो. निघण्यापूर्वी कार्यशाळेच्या तारखा मात्र पाहून घ्याव्यात. नुसते संग्रहालय पाहायला गेल्यास खिळ्यांवर शाई लावायला मिळेलच असे नाही.