घरघंटी घ्यावी का? बाजरी खात असाल तर घ्या

आधी हिशेब सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय ते पुढच्या कामाला लागतील. आमची एक अश्वशक्तीची घरघंटी वीस हजारांच्या आसपास पडली. घरात खाणारी माणसं पाच, महिन्याचं दळण पंधरा-सोळा किलो. कोपऱ्यावरच्या गिरणीत किलोला दहा रुपये घेतात, म्हणजे महिन्याचे दीडशे-एकशे साठ. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. मोटारीतली गळती धरली तर तासाला एक युनिट जळतं, आणि तेवढ्या वेळात सात-आठ किलो गहू निघतो. विजेचे वीस-पंचवीस रुपये वजा करा. सगळं दळण घरी केलं तरी उरलेल्या बचतीतून वीस हजार वसूल व्हायला बारा-तेरा वर्षं लागतील, आणि तोवर ब्लेड, जाळ्या, एखादा कपॅसिटर बदलावा लागेल तो खर्च वेगळाच. दुकानातला माणूस "दोन वर्षांत पैसे सुटतात काका" म्हणाला तर त्याचा चहा घ्या आणि निघून या.

तरी मी ती घेतली, कारण बाजरी.

माझी नोकरी एसटीत गेली, बार्शी आगारात मेकॅनिक म्हणून. आता चिंचवडला मुलाकडे असतो. बार्शीला गिरणीवाला ओळखीचा, बाजरीची पाळी वेगळी लावायचा. इथे दहा किलो गव्हाच्या डब्यांच्या रांगेत आपला एक किलोचा बाजरीचा डबा ठेवला की तो गिऱ्हाइकाकडे न बघता म्हणतो, "गव्हावर टाकतो, चालेल ना?" नाही चालत. गव्हावर टाकलेल्या बाजरीत पहिला पावशेर गहूच असतो. त्यातून त्याचं म्हणणं, निदान तीन किलो तरी आणा. आणि तीन किलो बाजरी दळून ठेवायची म्हणजे शेवटचा किलो कडू खायचा. बाजरीत स्निग्धांश शेकडा पाचाच्या आसपास, गव्हाच्या दुपटीहून जास्त. दाणा अखंड आहे तोवर त्याला काही होत नाही. दळला की तेल उघडं पडतं, दाण्यातलंच एन्झाइम त्याच्यावर काम करायला लागतं, आणि उन्हाळ्यात तर आठवड्याच्या आत पीठ कडवट लागतं. म्हणून पाकिटातलं बाजरीचं पीठ मी विकत घेत नाही, कंपनी कुठलीही असो.

आता रात्री जेवायच्या आधी चार मुठी बाजरी टाकीत टाकतो. पाच-सात मिनिटांचं काम. पीठ अजून कोमट असताना ही परातीत घेते, भाकरी थापते, आणि ती तव्यावर अशी टम्म फुगते की नातू मोबाइल ठेवून बघायला येतो. वर लोण्याचा गोळा, सोबत शेंगांची चटणी. भोगीला तीळ लावून केलेली भाकरी या वर्षी पहिल्यांदा बार्शीसारखी लागली असं हिने स्वतः सांगितलं, आणि ही सहजासहजी कशाला चांगलं म्हणत नाही.

ज्वारीचंही तेच, फक्त थोडं सावकाश. मंगळवेढ्याची मालदांडी आम्ही वर्षाची भरून ठेवतो. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, सगळी मदार ताज्या पिठावर आणि गरम पाण्यावर. पीठ जुनं झालं की विरी जातं, म्हणजे त्याची पकड जाते. मग कितीही मळा, थापताना कडा फाटतात, उचलताना भाकरीचे दोन तुकडे हातात येतात आणि सुनेला वाटतं आपल्याला जमत नाही. तिला उत्तम जमतं. पीठ विरी गेलेलं होतं, एवढंच. घरघंटी आल्यापासून तिच्या भाकरीला सुरेख पापुद्रा सुटतो आणि मी गप्प बसून दोन जास्त खातो.

मशिनीचं काम कसं चालतं तेही सांगतो, कारण विकणारे लोक "जात्यासारखं पीठ" असं बिनदिक्कत सांगतात. आत जातं नाही, दगडच नाही. वरच्या टाकीतून धान्य थोडं थोडं खाली पडतं, तिथे स्टीलचे पाते मिनिटाला २,८०० च्या आसपास फेऱ्यांनी फिरत असतात. दाणा त्यांच्यावर आपटून फुटतो, आणि जाळीतून जाण्याइतका बारीक होईपर्यंत आतच आपटत राहतो. म्हणजे पीठ किती बारीक हे जाळी ठरवते. गिरणीत दोन दगडांमध्ये दाणा चिरडला जातो, त्यात गव्हातला स्टार्च जास्त तुटतो, म्हणून ते पीठ पाणी जास्त पितं आणि पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. घरघंटीचा गहू दिसायला बारीक असतो, पण कणीक तेवढं पाणी धरत नाही. आमच्याकडे तव्यावरून ताटात आलेली पोळी छान, डब्यातली दुपारी चामट. म्हणून गहू मी अजूनही गिरणीतच टाकतो. वीस हजारांची मशीन घरात असून दळणाची पिशवी घेऊन जिना उतरतो यावर सोसायटीत विनोद होतात, होऊ देत.

जाळ्या हा या मशिनीचा खरा जीव. आमच्या मशिनीबरोबर पाच आल्या. सगळ्यात बारीक भाकरीच्या पिठाला. त्यावरची थालीपिठाच्या भाजणीला, कारण भाजणी थोडी खरबरीत असली तरच थालीपीठ कुरकुरीत होतं. त्याहून मोठी बेसनाच्या लाडवाला. हरभऱ्याची डाळ मंद भाजून, पूर्ण गार करून त्या जाळीतून काढली की रवाळ बेसन मिळतं, लाडू टाळूला चिकटत नाही. आणि सगळ्यात मोठी ज्वारीच्या कण्यांना. कण्या आता पुण्यात कोण विकतो ते मला तरी ठाऊक नाही. जाळीतून काढून चाळणीने पीठ वेगळं करायचं, कण्या धुवून मिठाच्या पाण्यात शिजवायच्या, वरून ताक, लसणाची फोडणी. आमच्या आईचा उन्हाळ्यातला ठरलेला बेत होता तो. नातवाला "ज्वारीचा रिसोटो" म्हणून वाढतो, खातो बिचारा.

चतुर्थी-एकादशीला राजगिरा, वरी दळायची तर आधी आतला भाग ब्रशने पूर्ण साफ करावा लागतो, नाहीतर ज्वारी-बाजरीचा कण मिसळायचाच. हिने उपासाच्या दळणासाठी एक वेगळा ब्रश ठेवलाय. त्याला मी हात लावायचा नाही.

काय दळायचं नाही तेही ऐका. शेंगदाणे, तीळ, जवस नको, तेल सुटून जाळी चोंदते. धुतलेलं धान्य कडकडीत वाळलं नसेल तर नको. अनारशाचे दमट तांदूळ तर अजिबात नको, ते मिक्सरचं काम. मिरची, हळद दळता येते असं पुस्तिकेत लिहिलंय. येतही असेल, पण पुढच्या भाकरीला शिंक येईल. आणि धान्य निवडूनच टाका. एखादा खडा आत गेला तर जो आवाज होतो त्याने माझ्यासारखा आयुष्यभर इंजिनांजवळ राहिलेला माणूसही दचकतो.

आवाजाचंच बोलायचं तर आहे, भरपूर आहे. मिक्सरइतका कर्कश नाही, पण एकसुरी आणि लांबतो. बाळ झोपलंय, शेजारी घरून काम करतायत, हे बघूनच चालवावी लागते. खाली रबराची जाड पट्टी टाकली तर फरशीतून जाणारी थरथर बरीच कमी होते. बेअरिंग चांगलं आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण: दुकानात धान्य न टाकता चालू करायला सांगा आणि बंद केल्यावर ऐका. पाते हळूहळू, बिनआवाज थांबले पाहिजेत. खरखर करत थांबले तर दुसरी दाखवा म्हणायचं.

पीठ उडतं. हवा बाहेर जायला कापडी पिशवी असते, ती महिन्यातून एकदा झटकून धुतली नाही तर हवा कोंडते आणि पीठ जास्त तापतं. ही पिशवी एक जास्तीची घेऊन ठेवा, कारण धुतलेली वाळेपर्यंत दळण थांबतं. दळून झाल्यावर डब्याला लगेच झाकण लावू नका, वाफ धरते आणि गोळे होतात. साध्या प्लगवर चालवू नका, फ्रिज-गिझरचा मोठा सोळा अँपिअरचा प्लग लागतो. आणि जागा बघा. चाकं असली तरी चाळीस-पन्नास किलोचं धूड आहे, रोज ओढाओढ होत नाही. आमची बाल्कनीच्या दाराशी उभी आहे, वर कोथिंबिरीची कुंडी.

कोणी घेऊ नये? ज्यांच्याकडे फक्त पोळ्या होतात, त्यांनी नक्कीच नाही. चांगली गिरणी जवळ असेल आणि ती थोडं दळण वेगळं काढून देत असेल, तरीही नाही. भाकरी आठवड्यातून दोन-तीनदा होते, भाजणी घरची लागते, मूल नाचणीवर आहे, अशा घरात मात्र मशीन धूळ खात पडत नाही.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो जाळीच्या क्लिपसाठी. एवढ्या जाड पत्र्याच्या मशिनीत जाळी धरायला प्लास्टिकची क्लिप दिलीय, आणि थरथरीने ती उन्हाळ्यात तुटली. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानात बघितलेल्या इतर दोन-तीन मशिनींतही तसलीच होती. सर्व्हिसवाला म्हणाला, पार्ट यायला तीन आठवडे. मी भोसरीतून स्प्रिंग स्टीलची पट्टी आणली, वाकवली, भोक पाडलं, बसवली. वॉरंटी गेली म्हणे.