पत्रिका आणि मानपत्र छापायचं असेल तर: शनिवार पेठेतला एक छापखाना

आमचं संगीत मंडळ लहान आहे, वर्षाला तीन बैठका. मी चिटणीस, त्यामुळे पत्रिका छापून आणणं माझ्याकडे. यंदा जयपूर घराण्याच्या बंदिशींची बैठक होती आणि तिला जोडून एका ज्येष्ठ तबलावादकांचा सत्कार. शनिवार पेठेतल्या एका बोळात दोन खोल्यांचा छापखाना आहे, तिथे काम दिलं. पाटी आता वाचता येत नाही, शेजारच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाची खूण धरा.

या कामाला मी एवढी जपत होते त्याला कारण आहे. गेल्या वर्षी दुसरीकडून छापून घेतलेल्या पत्रिकेत गायकाच्या नावाआधी ठळक 'पंडित' होतं. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले हेच तबलावादक मात्र खाली बारीक अक्षरात, 'साथ' म्हणून, नुसत्या नावाने. ते एका शब्दाने बोलले नाहीत. पत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि त्या रात्री विलंबित तीनताल असा धरला की काय सांगू. पण मध्यंतरात त्यांना चहा देताना मला मान वर करवेना.

इथे प्रूफ बघायला एक काका बसतात, सत्तरीच्या पुढचे. पेन्सिल कानावर, लाल पेन हातात. मजकूर मोठ्याने वाचतात. पत्रिकेच्या मजकुरात थोर गायक-गायिकांची नावं होती. मी 'उस्ताद अल्लादिया खाँसाहेब' लिहिलं होतं. म्हणाले, "ताई, एकतर उस्ताद अल्लादिया खाँ, नाहीतर अल्लादिया खाँसाहेब. दोन्हीकडून नको." 'पं. भास्करबुवा बखले' यातलं 'पं.' खोडलं. "बुवा म्हटलं की मान आला. हवं तर देवगंधर्व लावा, ते त्यांचंच आहे." केसरबाई केरकरांच्या आधी मी 'विदुषी' घातलं होतं, तिथे 'सूरश्री' आलं. मोगूबाई कुर्डीकर 'गानतपस्विनी' आणि किशोरीताई आमोणकर 'गानसरस्वती', ही मायलेकींची बिरुदं टाइप करताना माझ्याकडून उलटसुलट झाली होती, तीही त्यांनी पकडली. एवढी नजर आता कुठे मिळते?

सगळ्यात उपयोगी पडलं ते पुढचं. पाहुण्या गायिकेच्या नावाआधी आम्ही 'पद्मश्री' टाकलं होतं. काकांनी त्यावर रेघ मारली. पद्म पुरस्कार ही पदवी नव्हे, तो नावाच्या आधी किंवा नंतर लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच सांगितलं आहे. भारतरत्नालाही तोच नियम. मग खाली परिचयात 'पद्मश्री पुरस्काराने सन्मानित' असं वाक्य करून दिलं. आमच्या अध्यक्षांनी थोडी कुरकुर केली, पण मला काकांचं पटलं. 'पंडित' रसिकांच्या तोंडून येतं, गुरुजनांनी म्हटल्यामुळे टिकतं. सरकारी सन्मान ही वेगळी गोष्ट आहे, तो त्याच्या जागी लिहिला की दोन्हींचा मान राहतो.

मानपत्राच्या वेळी त्यांनी मला एकच विचारलं, "यांना त्यांचे शिष्य काय म्हणतात?" मी म्हटलं, गुरुजी. मग नावाआधी 'पंडित' आणि मजकुरात सगळीकडे 'गुरुजी' असं ठरलं. पत्रिकेवरही गायिका आणि गुरुजी एकाच आकाराच्या अक्षरात, एकाच ओळीत. सत्काराच्या दिवशी गुरुजींनी मानपत्र हातात घेतलं, चष्मा काढून डोळ्यांजवळ नेलं आणि पहिली ओळ दोनदा वाचली.

आता व्यवहाराचं. 200 पत्रिका, जाड आर्ट कार्डावर, दोन रंगांत: 2,600 रुपये. मानपत्र चौकटीसह 850. छपाई स्वच्छ, अनुस्वार आणि रफार कुठे उडालेले नाहीत. सोनेरी अक्षरं मात्र घेऊ नका, बोट लागलं की सोनं निघतं. आम्हाला माल एक दिवस उशिरा मिळाला, तेव्हा तारखेच्या आधी आठवडा हाताशी ठेवा. फोन सहसा उचलत नाहीत. सकाळी अकराच्या आत स्वतः जा, कारण काका दुपारी घरी जातात आणि ते नसताना प्रूफ मंजूर करू नका.