इंदूरमध्ये स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन निवडताना: आधी उंची की आधी रिबाउंड?

स्पोर्ट्स कारचे मूळ सस्पेन्शन बदलायचे ठरले की गाडी किती खाली येईल, हाच प्रश्न बहुधा सर्वांत आधी विचारला जातो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. दबलेली स्प्रिंग उसळून परत येताना शॉकअप तिला किती आवरतो, म्हणजेच त्याचे रिबाउंड किती आहे, आणि हे आवरणे आपल्याला कमी-जास्त करता येते का, हे आधी पाहावे. याचे कारण माळव्याच्या जमिनीत आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता एकही खड्डा नसताना लांबलांब लाटांनी वर-खाली होतो. अशी एक लाट 20 मीटरची धरली, तर ताशी 100 किमी वेगाने गाडीला सेकंदाला सुमारे 1.4 हेलकावे बसतात, आणि रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारची स्प्रिंगवर झुलण्याची स्वतःची गतीही साधारण त्याच्याच आसपास असते. या दोन गती जुळल्या की हेलकावा वाढत जातो, आणि त्याला लगाम घालण्याचे काम शॉकअपलाच करावे लागते.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मूळ शॉकअप तसेच ठेवून फक्त आखूड, अधिक कडक स्प्रिंग बसवणे. गाडी साधारण 25 ते 30 मिमी खाली येते आणि दिसतेही छान. मात्र मूळ शॉकअपचे रिबाउंड मूळ, मऊ स्प्रिंगसाठी जुळवलेले असते. कडक स्प्रिंगपुढे ते अपुरे पडते, शिवाय दबण्यासाठी उरलेली जागाही घटते. शहरात हे फारसे जाणवणार नाही, पण वर सांगितलेल्या लाटांच्या रस्त्यावर वेग वाढला की मागची बाजू तरंगू लागते. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात 11.3 किमीच्या वेगवान लंबवर्तुळाकार ट्रॅकशेजारी तऱ्हेतऱ्हेच्या पृष्ठभागांच्या चाचणीपट्ट्या आहेत, त्या उगाच नाहीत. उत्पादकाने स्प्रिंग आणि शॉकअप ही जोडी म्हणून जुळवलेली असते. ती अर्धी मोडण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

दुसरा मार्ग याच्या उलट आहे: स्प्रिंग मूळ किंवा किंचित कडक ठेवायची आणि कोनी स्पोर्टसारखा रिबाउंड बदलता येणारा शॉकअप घ्यायचा. उंची जवळपास तशीच राहते, त्यामुळे गाडी पाहून कोणाला काही बदलल्याचे कळत नाही, पण चालवणाऱ्याला पहिल्याच वळणावर कळते. अडचण एवढीच की काही गाड्यांत मागचा शॉकअप उतरवून, पूर्ण दाबून, मग फिरवून सेट करावा लागतो. ज्यांना सेटिंग वारंवार बदलायचे आहे त्यांनी आपल्या मॉडेलमध्ये मागे बाहेरून फिरवता येणारी घुंडी आहे का, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

कॉइलओव्हरमध्ये, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग यांच्या उंची बदलता येणाऱ्या एकत्र संचात, शिरल्यावर निवड अधिक बारकाईने करावी लागते. बिल्स्टीन बी14 किंवा केडब्ल्यू व्ही1 यांत उंची बदलता येते, पण शॉकअपचा कडकपणा कारखान्यातच ठरलेला असतो. ज्याला एकदा बसवून विसरून जायचे आहे त्याच्यासाठी हे वाईट नाही. केडब्ल्यू व्ही2 मध्ये रिबाउंड हाती येते. बिल्स्टीन बी16 मध्ये एकाच घुंडीने रिबाउंड आणि कंप्रेशन (स्प्रिंग दबताना शॉकअप करतो तो विरोध) दोन्ही एकत्र, 10 टप्प्यांत बदलतात. हे सोपे आहे, पण लाटांसाठी रिबाउंड वाढवले की खड्ड्यांवर कंप्रेशनही कडक होते, आणि आपल्याकडे एकाच रस्त्यावर दोन्ही भेटतात. केडब्ल्यू व्ही3 मध्ये ही दोन्ही कामे वेगवेगळी करता येतात. ती मोकळीक नोंदी ठेवणाऱ्याला वरदान आहे, पण न ठेवणाऱ्याची गाडी त्यामुळे मूळ गाडीपेक्षाही वाईट चालू शकते. रामबाग किंवा लोकमान्यनगरासारख्या वस्तीतून रोज ये-जा करून रविवारी खंडव्याच्या वाटेवर भेरूघाटात गाडी नेणाऱ्याला मी दुसरा मार्ग किंवा व्ही2 सुचवीन. व्ही3 ट्रॅकवर जाणाऱ्यांनी घ्यावा. गाडीत मूळचेच इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतील, तर ते काढल्यावर डॅशबोर्डवर येणारी सूचना बंद करणारा संच वेगळा लागतो, तो खर्च आधीच धरावा.

आता उंचीकडे येऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंमी उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा असतो. पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे 2.6 मीटर अंतर असलेली गाडी त्यावर चढली की पोटाखालची फक्त 5 सेंमीच्या आसपास जागा खर्च होते. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक खाली आणलेल्या गाडीचाही शत्रू नाही. शत्रू आहे तो कॉलनीतल्या लोकांनी हौसेने घातलेला अरुंद, उभा उंचवटा. याशिवाय मॅकफर्सन स्ट्रटच्या (जिथे शॉकअपच चाकाला वरून धरणारा खांब असतो अशा) गाडीत उंची जसजशी कमी होते तसतसे रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जाते आणि वळणावर गाडी उलट जास्त कलू पाहते. 25 मिमीच्या पलीकडे जाण्यात मला केवळ तोटा दिसतो.

बसवण्याच्या कामात एक गोष्ट स्वतः उभे राहून करवून घ्यावी. गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबकळत असताना, कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट अंतिम कसायचे नाहीत. तसे केल्यास गाडी खाली ठेवताच त्यांच्या सांध्यातल्या बुशचे रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. बोल्ट हाताने बसवावेत, गाडी आपल्या वजनावर उभी करावी आणि मगच टॉर्क द्यावा. उंची जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधली हवा आणि फरशीचा उतार दोन्ही फसवतात. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावे, टाकी अर्धी आणि चालकाच्या जागी त्याच्याइतके वजन ठेवून. थोडी चालवून गाडी बसली की पुन्हा मोजावे. अलाइनमेंट यानंतरच, आधी केलेले वाया जाते. टायर खाण्यात कॅम्बरपेक्षा (चाकाचा उभा कल) टोचा (चाके पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणे) वाटा मोठा असतो, म्हणून टो शून्याजवळ हवा.

शॉकअपच्या घुंडीचे क्लिक नेहमी पूर्ण कडक टोकापासून मोजावेत आणि उत्पादकाने सांगितलेल्या आकड्यापासून सुरुवात करावी. मग ओळखीचा एकच रस्ता, एकाच वेगाने, आणि एका वेळी पुढच्या किंवा मागच्या एकाच जोडीत दोन क्लिकचा बदल. लाटेनंतर गाडी दुसऱ्यांदा डोलत असेल तर रिबाउंड वाढवावे. सलग खड्ड्यांवर ती खाली-खाली बसत जाऊन ठणकू लागली, तर रिबाउंड जास्त झाले आहे, कारण स्प्रिंगला पुढच्या खड्ड्याआधी परत यायला वेळ मिळत नाही. कंप्रेशन वेगळे बदलता येत असेल, तर त्याला हात रिबाउंड जमल्यावरच लावावा.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही, म्हणून आरटीओला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारावे. पावसाळा संपला की कॉइलओव्हरचे आटे ब्रशने घासून चिखल काढावा, लॉकनट घट्ट आहेत का ते पाहावे आणि चारही उंच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून घ्याव्यात.