दोनशेची केटल की पंधराशेचा कामाडो: कोळशाच्या महाग ग्रिलला पैसे घालावेत का?

मे महिना उजाडला, थंडी ओसरली की इथे शिकागोकडच्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. घर घेतलंय, मागे अंगण आहे, आता ग्रिल कोणतं घेऊ? गॅसवाल्यांचं लवकर ठरतं. कोळशावरच भाजायचं म्हणणाऱ्यांची मात्र ओढाताण होते. एकीकडे वेबर कंपनीची २२ इंची केटल, म्हणजे झाकणाचं पत्र्याचं गोल ग्रिल, साधारण दोनशे-सव्वादोनशे डॉलरची. दुसरीकडे कामाडो, म्हणजे बिग ग्रीन एग किंवा कामाडो जोसारखं जाड सिरॅमिकचं अंडाकृती ग्रिल. त्याचं नुसतं भांडंच हजाराच्या पुढे जातं. स्टँड, आच अडवणारी सिरॅमिकची तबकडी, कव्हर असं सगळं धरलं की आकडा पंधराशेला सहज भिडतो.

मी दोन्हींवर भरपूर रांधलंय. केटल आमच्याकडे आहे, एग नणंदेकडे. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना ते कुठे पटतंय आणि कुठे नाही हे तुम्हाला पाहता येईल. बहुतेक मराठी घरांना केटल पुरते. कामाडोचे पैसे वसूल होणारी घरंही आहेत, पण ती त्यांच्या रांधण्याच्या सवयीवरून ओळखावी लागतात. पगारावरून नव्हे.

चवीचं आधी बोलू, कारण दुकानात तीच पुढे केली जाते. "सिरॅमिकमधल्या कोंबडीची चव वेगळीच" असं विक्रेता सांगतो. भाजलेल्या पदार्थाचा जो वास आपल्याला वेड लावतो, तो मुख्यतः कशातून येतो ते बघा. दह्यात मुरवलेल्या तंगडीतून तेल, चरबी, मसाल्याचं पाणी निखाऱ्यांवर ठिबकतं, तिथल्या तिथे जळून वाफ होतं आणि वर चढून पुन्हा तंगडीला चिकटतं. कोळसा नीट पेटून वर पांढरी राख धरली की त्याचा स्वतःचा वास फारच थोडा राहतो. धुराची चव हवी असेल तर हिकरीचा नाहीतर सफरचंदाच्या लाकडाचा तुकडा निखाऱ्यांवर ठेवायचा. हे सगळं दोनशेच्या केटलमध्येही होतं. थेट आचेवर भाजलेल्या तंगड्या, पापलेट, पनीर, कणसं दोन्हींतून काढून शेजारी ठेवली तर कुठली कशातली हे मला सांगता येणार नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

एक फरक मात्र खरा आहे. कामाडोच्या जाड भिंती धग धरून ठेवतात, त्यामुळे आच टिकवायला आत फार कमी हवा खेळवावी लागते. हवा कमी खेळली की मांस कमी सुकतं. तास-दीड तास झाकणाखाली राहिलेल्या अख्ख्या कोंबडीचा छातीचा भाग तिथे जास्त रसदार निघतो. फरक जाणवतो, पण हजार डॉलरचा नाही. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलेली कोंबडी केटलमध्येही तशीच निघते.

आता जागेचं. पैसे जास्त मोजले की ग्रिल मोठं मिळेल असं वाटतं, इथे ते उलटं आहे. २२ इंची केटलच्या जाळीवर ३६३ चौरस इंच जागा आहे. लार्ज एगची जाळी सव्वाअठरा इंचांची, जागा २६२ चौरस इंच. आपल्याकडे जेवायला पंधरावीस माणसं असतात आणि त्यांतली निम्मी शाकाहारी. केटलमध्ये निखारे एका बाजूला लोटले की अर्धी जाळी धगधगती आणि अर्धी शांत मिळते. शिवाय पनीर-मश्रूम एका बाजूला आणि चिकन दुसऱ्या बाजूला ठेवण्याइतकी रुंदी उरते. सासूबाई आलेल्या असल्या की मी शाकाहारी सगळं आधी भाजून घेते, जाळीला चिकनचा वासही लागायच्या आत. कामाडोची निखाऱ्यांची चूल खोल आणि अरुंद असते, भिंती चारी बाजूंनी तापतात, त्यामुळे असे दोन भाग पाडणं अवघड जातं. कामाडो जोच्या दुमजली जाळीने थोडी सोय होते, तरी केटलची ऐसपैस जागा ती नव्हेच.

भरताचं वांगं हीच खरी परीक्षा घ्या. केटलमध्ये मी जाळी उचलून बाजूला ठेवते आणि तेलाचा हात लावलेलं, दोन-तीन चिरा दिलेलं वांगं थेट निखाऱ्यांवर ठेवते. साल तडतडते, काळी पडते, चिरांतून पाणी फसफसत बाहेर येतं. देठाकडचा भाग कच्चा राहतो म्हणून चिमट्याने धरून तो निखाऱ्यांत खुपसायचा. हे सगळं झाकण उघडं ठेवून, वाकून, डोळ्यांसमोर चालतं. कामाडोत हे होत नाही असं नाही. पण झाकण बराच वेळ उघडं राहिलं की एरवी दबून असलेल्या निखाऱ्यांना भरपूर हवा मिळते, सगळा ढीग भडकतो, आणि झाकण लावल्यावर आच कुठल्या कुठे गेलेली असते. एकदा तापलेलं सिरॅमिक लवकर निवत नाही. मागाहून त्यावर हलक्या आचेचं काही करायचं ठरलं असेल तर तासभर वाट पाहा. जी माणसं सारखं झाकण उघडून कबाब उलटतात, तेल लावतात, एक काढून दुसरं ठेवतात, म्हणजे आपल्यातले बहुतेक, त्यांना कामाडोचा मुख्य गुणच वापरता येत नाही.

कोळसा वाचतो म्हणून पैसे वसूल होतात, हाही दावा ऐकू येतो. कामाडो कोळसा कमी खातो आणि झडपा बंद केल्या की निखारे गुदमरून विझतात, उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो, हे खरं. पण हिशोब मांडून पाहा. केटलला एका वेळी चिमणीभर (चिमणी म्हणजे कोळसा पेटवायचं नळकांडं), म्हणजे पाचेक पौंड ब्रिकेट, कोळशाची भुकटी दाबून केलेल्या वड्या, लागतात, आणि मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सेलमध्ये ते पौंडाला अर्ध्या डॉलरच्या आसपास पडतात. अडीच-तीन डॉलर झाले. कामाडोत ब्रिकेट सहसा वापरत नाहीत, कारण त्यांची राख फार होते आणि तळाची हवा कोंडते. तिथे लाकडाचा अख्खा कोळसा, इथल्या भाषेत लम्प, घालावा लागतो. तो पौंडाला डॉलर-सव्वा डॉलर. दोन-अडीच पौंड जळला तरी खर्च तेवढाच. शनिवार-रविवारच्या भाजणीपुरता कोळशातून वसुलीचा मुद्दा मी सोडूनच देईन.

मग कामाडो जिंकतं कुठे? दोन ठिकाणी, आणि तिथे ते निर्विवाद जिंकतं.

पहिलं, लांबलचक मंद आच. पोर्क शोल्डर २२५ ते २५० फॅरनहाइटवर बारा-चौदा तास ठेवायचं असेल तर एगसारखी निर्धास्त गोष्ट नाही. नणंदेचे यजमान रात्री दहाला कोळसा काठोकाठ भरतात, मधोमध एकाच जागी पेटवतात, तबकडी आणि वर जाळी लावतात. खालचा दरवाजा बोटभर उघडा, वरची झडप जेमतेम फटीइतकी. काटा २३५ वर स्थिरावला की झोपायला जातात. सकाळी उठून बघावं तर काटा तिथेच असतो, फार तर दहा अंश इकडे-तिकडे, आणि आत निम्मा कोळसा शिल्लक. केटलमध्येही हे जमतं. कडेने ब्रिकेटची दुहेरी रांग साखळीसारखी मांडून एका टोकाला पेटवायची. पण वारा सुटला, राख साठली, साखळी मध्येच तुटली की उठावं लागतं, आणि सहा-आठ तासांनी नवी रांग लावावी लागते. शिकागोच्या जानेवारीत तर पातळ पत्र्यातून धग भसाभस निघून जाते. थंडीत भाजायची हौस असेल तर सिरॅमिकची किंमत तेव्हा कळते.

दुसरं, भट्टीसारखी तीव्र आच. एगमध्ये पिझ्झाचा दगड ठेवून पाऊण तास-तासभर तापवलं की ६०० फॅरनहाइटच्या वर जातं, आणि घुमट वरूनही आच फेकतो. नान टाकला की दोन मिनिटांत फुगतो, वर काळे-तपकिरी फोड येतात, तळ खरपूस होतो. तंदूरच्या मातीच्या भिंतींचं काम इथे सिरॅमिक करतं. केटलमध्ये झाकण उघडताच वरची धग निघून जाते, म्हणून नान खालून करपतो आणि वरून पांढरा राहतो. घरी नान, कुलचे, पिझ्झा, पाव यांची खरी आवड असेल, महिन्यातून दोनदा तरी हे होणार असेल, तर माझा विरोध इथे संपतो. घ्या.

फक्त स्वतःला विचारा, या दोन गोष्टी तुमच्या घरी किती वेळा होतात? आपल्याकडे लांब शिजणारी म्हणजे मटणाची रान, अख्खी मांडी. ती ३०० अंशांवर चारेक तासांत मऊ होते, आणि चार तास केटल कुरकुर न करता सांभाळते. ब्रिस्केट (गोमांसाचा छातीकडचा तुकडा) आणि पोर्कच्या रात्री मराठी घरांत कौतुकाने एक-दोनदा होतात. ज्यांना त्याचा छंदच लागतो ते थोडे, आणि एव्हाना त्यांना ते स्वतःचं स्वतःला कळलेलं असतं.

टिकाऊपणात सिरॅमिक पुढे आहे. बिग ग्रीन एग अटलांटात १९७४ साली सुरू झालं आणि तीस-तीस वर्षं वापरलेली एग आजही दिसतात. पण सगळं अमर नसतं. झाकणाच्या कडेची नमद्याची पट्टी जळते, ती बदलावी लागते. आतल्या निखाऱ्यांच्या भांड्याला तडे जातात. कलंडलं तर खेळ खलास. केटलही काही लेचीपेची नाही. वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये तिथल्याच धातूच्या बोयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या) गोळ्यापासून ती बनवली, आमच्याच भागात. मूळ रचना अजूनही तीच आहे. पोर्सलिन एनॅमलचं भांडं कव्हर घालून ठेवलं तर पंधरा-वीस वर्षं जातं. राख झाडणारी पाती आणि जाळी गंजते, आणि हे सुटे भाग कुठेही मिळतात.

इथे एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं, ती म्हणजे वजन. लार्ज एग १६२ पौंडांचं. केटल पस्तीसेक पौंडांची, एकटी बाई उचलून गाडीत टाकू शकते. तुम्ही एच-१बी व्हिसावर असाल, ग्रीन कार्ड रांगेत असेल, पुढची नोकरी टेक्ससला की न्यू जर्सीला हे ठाऊक नसेल, तर सिरॅमिकचं ओझं घेऊ नका. बदलीत ते फुटलं की वॉरंटीही सहसा उपयोगी पडत नाही. अपार्टमेंट किंवा टाउनहाऊसमध्ये राहणाऱ्यांनी तर आधी नियम वाचावेत. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या अग्निसंहितेत लाकडी बाल्कनीत किंवा जळाऊ बांधकामापासून दहा फुटांच्या आत कोळशाचं ग्रिल पेटवायला मनाई आहे. एक-दोन कुटुंबांच्या घरांना त्यातून सूट असते. आणि ग्रिल कुठलंही असो, थंडी आहे म्हणून गॅरेजमध्ये पेटवू नका. दार उघडं असलं तरी नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, आणि त्याला वास नसतो.

कामाडो घेतलंच तर आणखी एक सवय लावून घ्या. झडपा बारीक असताना झाकण एकदम उघडायचं नाही. आत हवेला भुकेलेले निखारे असतात, हवा मिळताच ज्वाळेचा भपकारा तोंडावर येतो. आधी दोन इंच उघडा, थांबा, मग पूर्ण.

मधला मार्ग मला जास्त पटतो. केटल दोनशेची, तिच्या जोडीला वेबरचंच १८ इंची स्मोकी माउंटन, चारशेच्या आसपास. लांब शिजणाऱ्या मांसासाठी ते खास बनवलंय, आणि दोन्ही मिळून एगच्या निम्म्या किमतीत येतात. एक भाजायला, एक धुरी द्यायला, एकाच वेळी. कामाडोच हवं पण मन कचरत असेल तर चार-ग्रिलर (Char-Griller) कंपनीचं एकॉर्न पाहा. दुहेरी पत्र्याचं, चारशेच्या आत-बाहेर. आच चांगली धरतं, थंडीतही. पत्रा असल्यामुळे कालांतराने गंजणार, पण तुम्हाला कामाडोची सवय खरोखर लागते का हे तीन-चार वर्षांत नक्की कळेल. काहीही घेतलंत तरी मांसात खुपसायचा चांगला डिजिटल थर्मामीटर घ्याच. झाकणावरचा काटा घुमटातली आच दाखवतो, जाळीपाशी ती वेगळी असते, आणि कोंबडी आतून १६५ अंशांना पोचली की नाही हे त्यावरून कळत नाही.

जुनं एग मिळतंय म्हणून विचारणारेही असतात. घर विकताना, बदली होताना लोक ते निम्म्या किमतीत देतात, आणि कामाडो घ्यायचंच ठरलं असेल तर मी हाच रस्ता सुचवेन. मात्र सिरॅमिकवरची आयुष्यभराची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, तेव्हा जाताना टॉर्च न्या. आतलं सगळं बाहेर काढायला लावा. बाहेरच्या झिलईवरच्या केसासारख्या रेषा चालतात. पण तळाच्या भांड्याला किंवा घुमटाला आरपार तडा असेल तर परत या. झाकण लावून कडेत कागदाची पट्टी धरून ओढून पाहा. सहज निसटली तर नमदा बदलावा लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. आणि उचलायला दोन माणसं न्या. बाजूच्या फळ्यांना धरून उचलू नका, तळाला हात घालून उचला, आणि गाडीत आडवं टाकण्याऐवजी उभं बांधून आणा.